तेरावं

भाजावळीचा धूर यायला लागला की मला कळतं, आता आपल्या कपाळावर राख लागायची वेळ झाली. शेतात पसरलेल्या पाल्याला आणि शेणाला काडी लागलेली असते, आणि वरच्या कातळाच्या सड्यावरून उतरणारा वारा ती राख घेऊन न विचारता घरात शिरतो. आमचा राखेचा बुधवार नेमका याच दिवसांत येतो. फादर अंगठ्यानं कपाळावर राखेचा क्रूस ओढतात आणि बजावतात, माणसा, तू माती आहेस. जांभ्याच्या कातळावर जन्मलेल्या माणसाला ही धमकी वाटत नाही. आमच्याकडे मातीला भाव आहे.

यंदाही धूर आला आणि त्याच सकाळी फोन वाजला.

"बेंज्या, यंदा तेरावं कधी रे?"

पलीकडे पालीच्या नाताळीनकाकी होत्या. मी तारीख सांगितली. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाचा चेहरा पडला. "कोण गेलं हो?" त्यानं हळूच विचारलं. मी म्हटलं, "तेच तर. सांगायला गेलो तर तुमचा चहा गार होईल."

मी बेंजामिन. लोक मला बेंजामिन साउंड म्हणतात. लग्न असो, नमनाचा खेळ असो, क्रिकेटचे सामने असोत की चर्चमधली प्रार्थना, म्हणजे मिस्सा, आवाज माझा. घरी मात्र आवाज फिलूचा, माझ्या बायकोचा, आणि तिला स्पीकर लागत नाही. वर्षभर लोकांच्या कानठळ्या बसवणाऱ्या या माणसाला राखेच्या बुधवारपासून उपवासकाळाचे चाळीस दिवस गप्प राहायला सांगतात. आणि नेमका याच दिवसांत कोकणात शिमगा येतो! एका कानात ढोल, दुसऱ्या कानात प्रायश्चित्त.

हे तेरावं सुरू झालं त्या वर्षी तर कहरच होता. शिमगा, रमजान आणि आमचा उपवासकाळ तिन्ही एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून आले. बंदरावरचे हनीफभाई सकाळपासून पाण्याचा थेंब न घेता पापलेटं विकत होते आणि मी शुक्रवारचा उपास म्हणून त्यांच्याकडून सुरमई घेत होतो.

"मटण बंद, मासे चालू?" हनीफभाई म्हणाले. "बेंजामिनशेठ, अल्लाची कसम, हा उपास मला आधी सांगितला असता तर मी विचार केला असता."

पण मला त्या दिवसांचं आज आठवतं ते हसू नाही. आठवते ती काजूच्या बोंडांची आंबूस गोड दरवळ, तापलेल्या डांबरावर फादर इनास यांच्या स्कूटरचा फटफटाट, आणि मागच्या सीटवर बसलेल्या माझ्या मांडीवर आडवा ठेवलेला शिसवी क्रूस.

फादर इनास गोव्याकडचे. बुटके, गोल, आणि स्कूटरवर बसले की मागून नुसतं हेल्मेट दिसणारे. रत्नागिरीत आमची माणसं मूठभर. तीही कुणी बंदराजवळ, कुणी लांज्याला महामार्गाच्या कडेला, कुणी पालीला. फादर म्हणायचे, "माझ्या चर्चचं छप्पर रत्नागिरीत, भिंती पालीत आणि दार लांज्यात. पाऊस आला की मी भिजणारच." रोज संध्याकाळी ते दोन-चार घरांना फोन करत. देवाचं नाव काढत नसत. "आज काय केलं होतं जेवायला?" एवढंच. ज्या घरातून सलग तीनदा "भात-आमटी" असं उत्तर येई तिथे चौथ्या दिवशी स्कूटर दारात. एकट्या माणसाला मासे साफ करायचा कंटाळा येतो, हे त्यांनी ताडलेलं होतं.

त्यांच्या पहिल्याच शिमग्यात त्यांनी पालखी पाहिली. आमच्या भागात शिमग्याला ग्रामदेवता देवळात बसून राहत नाही. पालखीत बसते, खांद्यांवर नाचते, आणि वाडीतल्या प्रत्येक घरी जाते. म्हातारं माणूस अंथरुणावरून हात जोडतं, माहेरवाशीण ओटी भरते, मुंबईकर रजा टाकून येतात, कारण देव घरी येणार म्हटल्यावर घराला कुलूप कसं लावणार? फादर रस्त्याच्या कडेला स्कूटर लावून कितीतरी वेळ बघत राहिले. मग मला म्हणाले, "बेंजामिन, तुमच्या गावात देव लोकांकडे जातो. आपल्यात लोकांनी देवाकडे यायचं. आणि नाही आले तर मी रागावायचं. हे उलटं नाही काय?"

पुढच्या उपवासकाळात त्यांनी ते सुलटं केलं.

प्रभू येशूच्या दुःखाचे चौदा प्रसंग आम्ही उपवासकाळात दर शुक्रवारी आठवतो. त्याला आम्ही क्रुसाची वाट म्हणतो, आणि एकेका प्रसंगाला स्थान. चर्चच्या भिंतीवर चौदा चित्रं असतात. त्यांच्यापुढे थांबत थांबत जायचं. फादरांनी भिंत सोडून दिली. एक स्थान एका घरी. दर शुक्रवारी दोन-तीन घरं. जिथे त्या दिवशीची वाट संपेल तिथे क्रूस आठवडाभर मुक्कामाला, आणि पुढच्या शुक्रवारी त्या घरच्यांनी आपल्या हातानं तो पुढच्या घरी पोचवायचा. चौदावं, म्हणजे प्रभूला कबरेत ठेवतात ते शेवटचं स्थान, गुड फ्रायडेला चर्चमध्ये. त्यानंतरच्या रविवारी ईस्टर, प्रभू कबरेतून उठतो तो दिवस.

खरी गोम त्या 'आपल्या हातानं'मध्ये होती. लांज्याला दोन सख्खे भाऊ, मध्ये काजूच्या कलमांचा बांध, आणि त्या बांधावरून बोलणं बंद. फादरांनी एकाला चौथं स्थान दिलं, दुसऱ्याला पाचवं. थोरला क्रूस उचलून निघाला तो बांधापर्यंत आला, आणि तिथेच क्रूस टेकवून आंब्याच्या मोहोराकडे बघत खोकला. दुसऱ्या बाजूनंही एक खोकला आला. मग धाकटा बांध ओलांडून आला आणि त्यानं दुसरं टोक उचललं. पाचवं स्थान म्हणजे काय? शिमोन नावाच्या माणसाला क्रूस वाहायला लावतात ते. फादर मला कोपरानं ढोसत पुटपुटले, "बघितलंस? पुस्तकात आहे तस्संच." त्या दिवशी दोघांच्या बायका एकाच चुलीवर चहा करत होत्या.

मात्र नाताळीनकाकींकडे क्रूस पोचत नव्हता.

काकींचे यजमान एसटीत ड्रायव्हर होते, म्हणून घर पालीत. वाडीत किरिस्तावांचं ते एकच. एक मुलगा, विल्यम. मालवाहू जहाजावर नोकरीला. एका सकाळी भर समुद्रात हजेरी घेतली तेव्हा तो जहाजावर नव्हता. एवढंच कळलं, त्यापुढे कुणालाच काही कळलं नाही. काही आठवड्यांनी त्याची बॅग घरी आली. काकींनी ती न उघडता पलंगाखाली सारली आणि म्हणाल्या, "बॅग पुढे आली म्हणजे माणूस मागनं येतोय." पुढे एका नोव्हेंबरात, मृतांच्या मिस्साला, तेव्हाच्या फादरांनी नावं वाचताना विल्यमचं नाव वाचलं. काकी भर मिस्सात उभ्या राहिल्या. "माझा झील मेलेला नाय," एवढं बोलून मधल्या वाटेनं बाहेर गेल्या, आणि पुन्हा त्या दाराच्या आत आल्या नाहीत. वाडीतल्या बायका समाचाराला गेल्या तर त्यांनाही अंगणातूनच परत पाठवलं. कुणी "होता" म्हटलं की काकी "आहे" म्हणायच्या. रात्रंदिवस ओटीवरचा दिवा चालू.

फादरांनी त्यांना मुद्दाम चौथं स्थान देऊ केलं होतं. त्यात वाटेवर आईची आणि मुलाची भेट होते. काकींनी निरोप पाठवला, "या शुक्रवारी नको, काजू वेचायचेत." मग ते लांज्याला गेलं. फादर त्यांच्या कोंकणीत म्हणाले, "जाता," म्हणजे चालेल, "पुढचं देऊ." पुढच्या शुक्रवारी काकींचे गुडघे धरले. त्याच्या पुढच्या शुक्रवारी मांजर व्यायली. मग विहिरीचा पंप. प्रत्येक वेळी फादर त्याच सुरात, "हरकत नाही काकी. पुढचं तुमचं." मी चिडायचो. "फादर, त्या तुम्हाला खेळवतायत." ते म्हणायचे, "खेळवू दे. खेळ चालू आहे म्हणजे माणूस मैदानात आहे."

असं करता करता घरं संपली. आणि शेवटच्या शुक्रवारी काकींसाठी उरलं ते तेरावं.

तेराव्या स्थानात प्रभूला क्रुसावरून खाली उतरवतात आणि त्याचा देह आईच्या मांडीवर ठेवतात.

हे लक्षात आलं तेव्हा फादर स्कूटर स्टँडला लावत होते. ती त्यांच्या हातातून सुटून आडवी झाली. ज्या आईला समुद्रानं देह दिला नाही तिच्या दारात हेच स्थान न्यायचं? आम्ही तसेच पालीला गेलो. काकी ओटीवर कपाळाला आठ्या घालून काजू सोलत होत्या. फादरांनी काही लपवलं नाही. तेरावं म्हणजे कुठलं ते सांगितलं, आणि म्हणाले, "तुम्ही नको म्हटलंत तर मी ते चर्चमध्ये घेतो. कुणी काही बोलणार नाही."

काकी बराच वेळ काजूच सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिला निदान मांडीवर मिळाला."

फादर पायरीवर बसले आणि त्यांनीही एक काजू सोलायला घेतला.  

"या शुक्रवारी काय काम नाय माझ्याकडे," काकी म्हणाल्या. "आणा."

आता जे झालं ते फक्त आमच्या रत्नागिरीतच होऊ शकतं. आम्ही आपले आपसात "पहिलं झालं", "सातवं छान झालं", असं बोलत होतो. स्थान हा शब्द कधीच गळून पडला होता. गुरुवारी फिलू पालीच्या बाजारात फुलं घ्यायला थांबली. फुलवालीनं सहज विचारलं, "कशाला एवढी पांढरी फुलं?" फिलू म्हणाली, "उद्या नाताळीनकाकीकडे तेरावं आहे ना!"

फुलवालीचा हात थांबला, असं फिलू नंतर सांगायची. तेव्हा तिला वाटलं, सुट्टे नसतील.

बारावं आमच्या घरी झालं होतं, म्हणून क्रूस पोचवायचा मान माझा. शुक्रवारी दुपारी आम्ही पोचलो तर काकींच्या अंगणात सगळी वाडी. पुरुष पांढऱ्या कपड्यांत, उघड्या डोक्यांनी, खालमानेनं. बायकांच्या हातात तांदूळ, नारळ, कुणाकडे चहापत्ती आणि साखर. शिमग्याला आलेले मुंबईकरसुद्धा टी-शर्ट बदलून आलेले. पुढे शांताराम, पालखीचा मानकरी, काकींचा सख्खा शेजारी. ज्याचा आवाज मला माइकशिवाय सड्यापलीकडे पोचताना ऐकू आलेला आहे, तो कुजबुजत होता. "शिमग्याच्या तोंडावर काढलं तेरावं. पण काकी आपली. यायलाच पायजे."

माझ्या पायाखालचा कातळ सरकला. फादर माझ्या कानाशी लागले, "एवढे लोक? हे सगळे प्रार्थनेला?"

"फादर," मी म्हटलं, "यांच्यात माणूस गेल्यावर तेराव्या दिवशी जो विधी करतात ना, त्यालाही तेरावंच म्हणतात. यांना वाटतंय, काकींनी विल्यमचं..."

पुढे बोलायची गरज पडली नाही. फादरांनी डोळे मिटले.

दार उघडलं. काकी उंबऱ्यावर. त्यांनी अंगणावरून नजर फिरवली; पांढरे कपडे, नारळ, झुकलेल्या माना. त्यांना कळायला वेळ लागला नाही. आयुष्य या वाडीत गेलेलं.

"कुणाचं तेरावं?" त्यांनी विचारलं.

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी शांताराम पुढे झाला. त्याची मान खाली ती खालीच. "काकी, आमाला बाजारात कळलं. चुकलं असंल तर जातो आमी. पर विल्यम माझ्याबरोबर शाळंत होता. माझ्या पायात काटा मोडला की तोच काढायचा. तू कदी रडू दिलं नाहीस आमाला. आज म्हटलं, आज तरी..."

अंगणात एक कुत्रं होतं, तेही बसून राहिलं. मी मनात म्हटलं, आता काकी दार लावणार. क्रूस माझ्या हातात होता आणि तो मला पेलवेना.

काकी म्हणाल्या, "उभे का? बसा. फिलू, आतली चटई घे गो."

फादरांनी तेरावं स्थान वाचलं. ते चारच ओळींचं आहे. मला वाटलं होतं, ते त्यानंतर काहीतरी बोलतील. प्रवचन हा त्यांचा हक्काचा प्रांत. त्यांनी पुस्तक मिटलं. काकींनी पदर मांडीवर पसरला होता, ओटी भरून घेताना पसरतात तसा. फादर माझ्याकडे वळले, क्रूस घेतला, गुडघ्यावर बसले आणि तो त्या पदरावर आडवा ठेवला.

काकींनी हात फिरवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"हलका आहे," त्या म्हणाल्या. "माझा जन्मला तेव्हा याच्यापेक्षा जड होता. सुईण म्हणाली होती, बाई, काय खाल्लंस?"

मागून कुणीतरी बाई हसली, आणि ते हसू वाटेतच रडं झालं. मग काकी रडल्या. त्या रडण्याचं मी वर्णन करणार नाही. आवाजाचा धंदा करणाऱ्यानं काही आवाज आपल्यापाशी ठेवावेत. एवढंच सांगतो की शांतारामची आई काकींच्या पाठीमागे जाऊन बसली आणि तिनं त्यांना मागून धरून ठेवलं, आणि त्या अंगणात कोण कुठल्या देवाचं ते दिवेलागणीपर्यंत कुणाला आठवलं नाही.

परत येताना मी फादरांना म्हटलं, "केवढी चूक झाली आपली." हेल्मेटमधून आवाज आला, "कुठली?"

फादरांची आता बदली झाली आहे. त्यांच्या जागी आलेले फादर तरुण आहेत, मोबाइलवर सगळ्यांचा ग्रूप केलाय, रोज सकाळी फुलांचं चित्र येतं. फादर इनास अजून महिन्याकाठी मला फोन करतात. पहिलं वाक्य ठरलेलं, "आज काय केलं होतं जेवायला?" आणि मी, बेंजामिन साउंड, खोटं न बोलता सांगतो, "भात-आमटी." फिलू मुलीकडे मुंबईला असते हल्ली. ते म्हणतात, "सलग कितीदा?" मग मी त्यांना हनीफभाईंकडच्या पापलेटाचा भाव सांगतो.

ही वाट त्यांच्या मागेही चालू आहे. लांज्याचे भाऊ बांधावर अजून भांडतात, पण आता बोलून भांडतात. तेरावं दरवर्षी काकींचंच, आणि दरवर्षी वाडी येते. नारळ घेऊन, पांढऱ्या कपड्यांत. चूक कधीच उघड झाली आहे. ती दुरुस्त करावी असं मात्र कुणालाच वाटलेलं नाही.

पण मला सांगायचंय ते त्या पहिल्या वर्षीच्या गुड फ्रायडेचं.

क्रूस आठवडाभर काकींकडे राहिला होता, आणि नियमाप्रमाणे तो त्यांनीच आणायचा होता. कबरेत ठेवायला. चर्चमध्ये, ज्या दारातून त्या निघून गेल्या होत्या त्या दारातून. मी दोनदा फोन केला, कुणी उचलला नाही. गुड फ्रायडेला आमच्याकडे घंटा वाजत नाही. प्रभू मेला म्हणून घंटाही मुकी. लाकडाच्या फळीवर फळी आपटतात, तेवढाच कोरडा आवाज. तो आवाज झाला. माणसं जमली. क्रुसाची जागा रिकामी. मला कळत होतं, सगळ्यांच्या मनात एकच आहे: मांडीवर मिळालेला ती परत कशाला देईल?

कुणीतरी म्हणालं, "फादर, आत दुसरा क्रूस आहे, तो घेऊ या."

फादर म्हणाले, "तो या वाटेनं आलेला नाही." मग ते वेदीच्या पायरीवर चक्क बसले. "आपण हिला क्रुसाची वाट म्हणतो ना? मग पाहू या वाट."

आम्ही पाहिली. पंखे बंद होते, झग्यात फादर घामानं निथळत होते.  दूर कुठल्यातरी वाडीत पालखी नाचत होती, तिचा ढोल वाऱ्याबरोबर येत होता, जात होता.

आणि मग दारात शांताराम दिसला. डोक्यात गुलाल, कपाळावर गुलाल, चपला हातात. त्याच्यामागे काकी. त्यांच्या कुशीत क्रूस, निळ्या बॉयलरसूटमध्ये गुंडाळलेला. जहाजावर घालतात तो. पलंगाखालची बॅग उघडली होती.

"पालखी आडवी होती, यष्टी हलंना," शांताराम सगळ्या चर्चला ऐकू जाईल असं मला कुजबुजला. "आनि कंडक्टर म्हनतो, ह्याचं लगेज लावू का? मी म्हटलं, मांडीवरच्याला तिकीट नसतं."

काकी मधल्या वाटेनं चालत आल्या. ज्या वाटेनं गेल्या होत्या त्याच. फादरांनी चौदावं स्थान वाचलं. काकींनी क्रूस खाली ठेवला, बॉयलरसूटची बाही नीट केली, कॉलर सरळ केली, जशी शाळेत जाणाऱ्या पोराची करतात, आणि बाजूला झाल्या.

बाहेर अंगणात ऊन कलायला लागलं होतं. शांताराम चपला पायात सरकवत घुटमळत होता. शेवटी त्यानं विचारलंच, "काकी, आता ओटीवरचा दिवा घालवायचा ना? तेरावंबी झालं."

काकींनी त्याच्या कपाळावरचा गुलाल पदरानं पुसला.

"अरे मेल्या," त्या म्हणाल्या, "तुमचं तेराव्याला सरतं. आमच्यात तेराव्यानंतर चौदावं असतं. आणि चौदाव्यानंतर रविवार."